एक्सपान्शन स्लॉटची उत्क्रांती : वेगापलीकडील निकषांचा विचार

डेस्कटॉप संगणकातील एक्सपान्शन स्लॉटचा इतिहास बहुधा वेगाच्या चढत्या आलेखाच्या रूपाने शिकवला जातो. बिट आणि मेगाहर्ट्झ यांचे हे आकडे खरे आहेत. परंतु एक रचना टिकली आणि दुसरी लोपली, याचे कारण त्यांतून कळत नाही. प्रस्तुत लेखात त्या कारणाचा शोध घेतला आहे.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ८ बिटांचे ५ स्लॉट होते. त्यांची तांत्रिक माहिती प्रसिद्ध झाल्याने अन्य उत्पादकांनाही कार्डे बनवता आली. १९८४ च्या पीसी एटीमध्ये बस १६ बिटांची झाली, तरी बहुतेक जुनी कार्डे तीत चालत. हीच रचना पुढे आयएसए म्हणून ओळखली गेली.

१९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ या संगणकांत मायक्रो चॅनेल आणले. ते आयएसएहून वेगवान होते; कार्डावरील जंपर हाताने बदलण्याचा त्रासही त्यात नव्हता. मात्र जुनी कार्डे त्यात बसत नसत आणि अन्य उत्पादकांना परवानाशुल्काची अट होती. तांत्रिक सरसता असूनही ते रुजले नाही. उलट, कॉम्पॅकसह ९ कंपन्यांनी १९८८ मध्ये जाहीर केलेल्या ईआयएसएमध्ये जुनी कार्डे बसत; परंतु ते महाग असल्याने मुख्यतः सर्व्हरपुरते राहिले. म्हणजे केवळ सुसंगतताही पुरेशी नव्हती.

१९९२ मध्ये इंटेलने मांडलेल्या पीसीआयचा वेग सेकंदाला १३३ मेगाबाइट होता. त्याच्या स्लॉटमध्ये आयएसए कार्ड बसत नसे. तथापि एकाच मदरबोर्डवर दोन्ही प्रकारचे स्लॉट अनेक वर्षे शेजारी नांदले. २००३ च्या पीसीआय एक्सप्रेसने समांतर बस सोडून क्रमिक जोडणी स्वीकारली. स्लॉटचा आकार बदलला, पण पीसीआयची सॉफ्टवेअर-रचना कायम राहिली.

यावरून असे दिसते की, यशस्वी स्थित्यंतरांत जुन्या गुंतवणुकीचे रक्षण झाले. केवळ त्याचे स्थान बदलत गेले. ते एटीमध्ये स्लॉटमध्ये, पीसीआयमध्ये मदरबोर्डवर आणि एक्सप्रेसमध्ये सॉफ्टवेअरमध्ये होते. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये पीसीआय एक्सप्रेस स्लॉट असूनही त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नाही. स्लॉटचे अस्तित्व म्हणजे विस्ताराचे स्वातंत्र्य नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. म्हणून या विषयाच्या अध्यापनात वेगाच्या तक्त्यासोबत ‘या स्लॉटमध्ये कोण, काय आणि कोणत्या अटींवर बसवू शकतो?’ हा प्रश्नही विचारला जाणे आवश्यक आहे.