छबी, भीतर आणि तारीख : अश्विन मेहता यांच्या निमित्ताने

साहित्य अकादेमीचा २०१४ चा गुजराती भाषेसाठीचा पुरस्कार ‘छबि भीतरनी’ या निबंधसंग्रहाला मिळाला. त्याचे लेखक अश्विन मेहता (१९३१-२०१४) हे हिमालय आणि सागरकिनारे यांचे छायाचित्रकार म्हणून ख्यातनाम होते. पुरस्कार जाहीर होण्यापूर्वी, त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. आयुष्यभर कॅमेऱ्याने बोललेला माणूस उत्तरायुष्यात शब्दांकडे का वळतो आणि त्या शब्दांना प्रवासवर्णन, आत्मकथन की अध्यात्मचिंतन म्हणायचे, हे प्रश्न तौलनिक अभ्यासकाला टाळता येण्यासारखे नाहीत. चित्रकारांच्या गद्याची मराठी समीक्षेने थोडीफार दखल घेतलेली आहे. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे त्याचे ठळक उदाहरण. छायाचित्रकाराचे गद्य मात्र आपल्याकडे अजून चित्रांच्या पुस्तकातील मजकूर म्हणूनच चाळले जाते.

प्रारंभ शीर्षकापासून करणे सोयीचे. मराठीत ‘छायाचित्र’ हा शब्द रुळला. काहींनी ‘प्रकाशचित्र’ही वापरून पाहिला. एकात सावलीवर भर, दुसऱ्यात उजेडावर. गुजरातीने ‘छबी’ जवळ केली. तिचे मूळ संस्कृत ‘छवि’. आणि छवि म्हणजे मुळात त्वचा, कांती, अंगाचा वर्ण. अर्थात वस्तूचा सर्वांत बाहेरचा थर. तेव्हा ‘भीतरची छबी’ या शब्दप्रयोगात एक विरोध अंगभूत आहे : जे आत आहे त्याचा पृष्ठभाग कसा टिपणार? कॅमेरा वस्तूच्या त्वचेपाशी थांबतो. तेथून पुढचा प्रवास ज्याला करावासा वाटतो, त्याला लेखणी घ्यावी लागते. ‘भीतर’ हा शब्द संतकवितेच्या वाचकाला परका नाही. येथे तो एका यंत्राच्या मर्यादेतून पुन्हा निष्पन्न होतो, ही त्यातील नवी गोष्ट.

मेहतांची इंग्रजी चित्रपुस्तके आधीची : ‘हिमालय : एन्काउंटर्स विथ इटर्निटी’ (१९८५), ‘कोस्ट्स ऑफ इंडिया’ (१९८७), ‘गिफ्ट्स ऑफ सॉलिट्यूड’ (१९९१). चिरंतन, किनारा, एकांत. या शब्दांचे ऋण सामान्यतः उपनिषदांच्या खाती मांडले जाते. ते चुकीचे नाही, पण अपुरे आहे. निसर्गाच्या छायाचित्राला भारतात दीर्घकाळ जो मोठा आश्रय मिळाला तो कंपन्यांच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकांचा. या चित्राची अट विलक्षण आहे. खाली महिन्याच्या तारखा ओळीने छापलेल्या असतात, आणि वरच्या चित्राने मात्र कोणत्याही तारखेचे असता कामा नये. त्यात विजेचा खांब नको, मोटार नको, फलक नको. ते कोणत्याही वर्षी चालले पाहिजे. व्यवसायाने शिकवलेले हे गाळणे आणि ध्यानाने शिकवलेले गाळणे, यांच्यातील सीमा वाटते तितकी स्पष्ट नाही. व्यवसायात मुरलेली नजर ‘शाश्वता’कडे सहज वळते, कारण कालनिर्देश पुसण्याची सवय तिला आधीच जडलेली असते. याने तिच्या आध्यात्मिकतेला उणेपणा येतो असे नाही. तिचे एक लौकिक मूळ तेवढे दिसते.

या परंपरेचा प्रारंभ कॅमेऱ्याविना झाला आहे. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांनी १९१२ मध्ये स्वामी आनंद यांच्या सोबतीने हिमालयाची पदयात्रा केली, आणि ‘हिमालयनो प्रवास’ हे पुस्तक गुजरातीत निघाले ते १९२४ मध्ये. मातृभाषा मराठी असलेल्या लेखकाने गुजराती प्रवासगद्याला वळण द्यावे, ही आपल्या दोन भाषांच्या शेजारातील एक मोठी घटना आहे. मराठी वाङ्मयेतिहासात तिला मिळालेली जागा त्या मानाने अल्प आहे. प्रवास आणि पुस्तक यांत बारा वर्षे गेली. त्या अंतराचे काम स्मृतीने केले : काही निसटले, काही उजळले, आणि उरले त्यात पाहणारा व पाहिलेले एकजीव झाले. छायाचित्रकाराला हे अंतर लाभत नाही. त्याचे पाहणे सेकंदाच्या अंशात संपते. स्मृतीने जे गाळायचे ते त्याला जागेवरच, चौकट धरताना गाळावे लागते. मेहतांना वलसाडजवळच्या तीथलच्या समुद्रकाठी स्थिरावल्यावर लिहावेसे वाटले असेल, तर त्यामागे हे नाकारले गेलेले अंतर परत मिळवण्याची ओढ असावी, असा तर्क करता येतो.

याच हिमालयात दुसरा एक कॅमेरा वावरत होता. आंध्रातून आलेले स्वामी सुंदरानंद (१९२६-२०२०) गंगोत्रीला राहिले. त्यांचे गुरू तपोवन महाराज यांनी मलयाळममध्ये हिमालयभ्रमणाचे गद्य लिहिले. गुरूने शब्दांत जे केले ते शिष्याने यंत्राने केले, आणि ‘हिमालय : थ्रू द लेन्स ऑफ अ साधू’ (२००१) हे पुस्तक सिद्ध झाले. मेहता व्यवसायाकडून अध्यात्माकडे आले. सुंदरानंद संन्यासाकडून कॅमेऱ्याकडे. अपेक्षा अशी की कालातीताचे दर्शन संन्याशाच्या चित्रांत अधिक घडावे. प्रत्यक्षात उलटे झाले आहे. एकाच परिसरात दशकानुदशके राहून घेतलेली ही चित्रे शेजारी ठेवली की हिमनदी मागे हटताना दिसते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोमुख शेकडो मीटर मागे गेले. ज्याने जग सोडले त्याच्या संग्रहात जगाच्या बदलाचा पुरावा साठला. सुंदरानंदांचे कॅमेऱ्याचे काम भक्तीचे होते, आणि त्याला तारीख चिकटून राहिली.

या दोन संग्रहांना एकत्र वाचले तर मेहतांच्या १९८५ च्या शीर्षकातील ‘चिरंतन’ हा शब्द अस्वस्थ करू लागतो. त्यांची शिखरे आज एका विशिष्ट काळातील शिखरे आहेत. तेवढे बर्फ, त्या वेळचे. छायाचित्र शाश्वताकडे बोट दाखवते आणि त्याच क्षणी ‘हे तेव्हा होते’ असेही सांगते. हे दुसरे विधान छायाचित्रकाराच्या इच्छेवर अवलंबून नाही. आध्यात्मिक गद्याला मात्र ते दडपता येते, आणि तेथेच त्याचा कस लागतो. ‘शांती’, ‘मौन’, ‘विराट’ असे शब्द जेव्हा कोणत्याही दिवसाचे, कोणत्याही डोंगराचे असू शकतात, तेव्हा गद्य दिनदर्शिकेच्या चित्रासारखे गुळगुळीत होते. अमुक पहाट, अमुक ढग, थंडीने बधिर झालेली बोटे अशा तपशिलाशी ते प्रामाणिक राहते, तेव्हाच त्यातील भीतर विश्वासार्ह ठरते.

अमृतलाल वेगड (१९२८-२०१८) यांचे उदाहरण येथे थोडक्यात घ्यावे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेल्या, जबलपूरच्या या गुजराती चित्रकाराने १९७७ मध्ये नर्मदेची परिक्रमा टप्प्याटप्प्याने चालण्यास घेतली. ‘सौंदर्यनी नदी नर्मदा’ या त्यांच्या पुस्तकाला २००४ चा अकादेमी पुरस्कार मिळाला. त्यांची नदी माणसांनी गजबजलेली आहे. पेन्सिलीला आवरण्याची घाई नसते, ती गप्पा मारत बसते. ज्या काठांनी ते प्रारंभी चालले त्यांपैकी बरेच पुढे बरगी धरणाच्या पाण्याखाली गेले. सौंदर्यासाठी लिहिलेले पुस्तक त्यामुळे दस्तऐवजही झाले आहे. मेहतांच्या ‘कोस्ट्स ऑफ इंडिया’कडेही असे पाहता येईल. त्यातील किनारे १९८७ पूर्वीचे, म्हणजे २००४ च्या त्सुनामीच्याही आधीचे आहेत.