चित्रातील रक्त

प्रतिभावंताला सात खून माफ, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. इटालियन चित्रकार काराव्हाज्जो याने त्यांपैकी एक १६०६ साली रोममध्ये खरोखरच केला. रानुच्चो तोमासोनी हा त्याचा बळी.

बेदरकारपणा, नियमांविषयीची तुच्छता हे मनोविकृत व्यक्तीचे विशेष सर्जनशील माणसांतही आढळतात, असे काही मानसशास्त्रज्ञ सांगतात. ते खोटे नसेल. मातेपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूंचे मळके तळवे चर्चमधील चित्रात दाखविण्यास तसलेच धाडस हवे. परंतु पश्चात्तापाचा अभाव हेही त्या विकृतीचे एक मुख्य लक्षण; आणि येथे हा सिद्धान्त अडखळतो.

फरारी असताना माल्टात त्याने १६०८ साली रंगविलेला योहानाचा शिरच्छेद पाहावा. निम्म्या चित्रात ओसाड भिंत. गजांआडून दोन कैदी पाहताहेत. मारेकरी उरलेले काम उरकण्यासाठी कमरेमागील सुरीला हात घालतो आहे, अगदी खाटकाच्या सवयीने. शेजारच्या वृद्धेने मात्र दोन्ही हातांनी आपले डोके धरले आहे. तिचे दुःख न जाणणाऱ्याला ती रंगविता आली असती, असे आम्हांस वाटत नाही. आणि चित्रकाराने आपली सही, त्याच्या ज्ञात चित्रांतील ही एकमेव, केली आहे ती योहानाच्या मानेतून सांडलेल्या रक्तात! हिला बढाई म्हणणारे म्हणोत.

रोमच्या बोर्गेझे संग्रहात त्याचा दावीद आहे. त्याच्या हातातील गल्याथाच्या छिन्न मस्तकाला चित्रकाराने स्वतःचाच चेहरा दिला, असे मानतात. दावीद जिंकला आहे. पण मुद्रा खिन्न आहे.