न सुटलेला बाण : मराठीतील हरिणाच्या शिकारीची पहाट

धनुष्य घेऊन हरिणाच्या मागावर निघालेला माणूस मराठी वाङ्मयात आणि त्याच्या पूर्वपरंपरेत वारंवार भेटतो. त्याच्या हातून हरिण मेल्याचे मात्र क्वचितच सांगितले जाते. शिकारी आहे, सावज टप्प्यात आहे, प्रत्यंचा कानापर्यंत ओढलेली आहे आणि बाण सुटत नाही. हा योगायोग नसून कथनाचा एक स्थिर संकेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या संकेतातील करुणेची वाखाणणी पुष्कळ झाली. त्याने झाकले काय, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

या संकेताचे सर्वांत लोकपरिचित रूप श्रीधरांच्या ‘शिवलीलामृता’त आहे. बारामतीस 1718 मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथाचा दुसरा अध्याय महाशिवरात्रीच्या व्याधाचा. दिवसभर रिकाम्या हाताने भटकलेला व्याध तळ्याकाठच्या बेलावर चढून बसतो, आड येणारी पाने तोडून खाली टाकतो, ती नकळत शिवलिंगावर पडतात. पाण्यावर आलेली हरिणी माणसाच्या वाणीने मुदत मागते, परत येण्याची शपथ वाहते. रात्र अशाच मुदतींत सरते. आणि सकाळी हरिणांचे कुटुंब शब्दाला जागून परत येते, तेव्हा मारण्याची इच्छाच उरलेली नसते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. व्याधाचे परिवर्तन उपदेशाने होत नाही. ते ऐकण्याने आणि थांबून राहण्याने होते. कथेचा खरा व्यापार शपथेचा आहे, शस्त्राचा नाही. श्रीधर रमतात तेही त्या संवादात.

या कथेच्या मागे बरेच जुने काही उभे आहे. हालाच्या ‘गाथासप्तशती’त व्याध, त्याची बायको, त्याचे धनुष्य यांवरील गाथांचा एक स्वतंत्र पुंजका आहे. स. आ. जोगळेकर यांनी 1956 मध्ये ही गाथा मराठी वाचकांसमोर ठेवली, तेव्हापासून तिच्यातील शृंगाराकडेच अभ्यासकांचे लक्ष अधिक गेले. त्यातील एका गाथेत हरिण आणि हरिणी एकमेकांना वाचवण्यासाठी आळीपाळीने बाणासमोर येतात आणि व्याधाचे आसवांनी भिजलेले धनुष्य हातातून गळते. देव नाही, पुण्य नाही, विमान नाही. दोन ओळींत सर्व काही घडते. माझ्या मते श्रीधरांच्या अध्यायाहून ही गाथा वाङ्मयीन दृष्ट्या श्रेष्ठ आहे, कारण तिच्यात व्याधाला रडण्याचे बक्षीस मिळत नाही. आणखी एका गाथाप्रसंगात नवपरिणीत व्याधपुत्राला जड धनुष्य पेलत नाही, म्हणून तो ते तासून हलके करतो; त्याचा भुसा वाऱ्यावर उडतो आणि गावाला कळायचे ते कळते. हसून सोडून देण्याजोगा हा प्रसंग नव्हे. धनुष्य हे ओढणाऱ्याच्या ताकदीनुसार बेतायचे अवजार आहे, ही माहिती त्या थट्टेत सहज येऊन गेली आहे. ती कारागिराच्या घरातूनच येऊ शकते.

धनुष्यच का, हा प्रश्न येथे अटळ होतो. धनुष्याने हरिण मारायचे तर वीस-तीस पावलांपर्यंत जावे लागते. वारा सावजाकडून आपल्याकडे वाहत असला पाहिजे, आणि पहाटेच्या थंड हवेचा ओघ उताराने पाणवठ्याकडे सरकत असतो हे बैठक निवडताना ठाऊक असले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाण आवाजापेक्षा पुष्कळ मंद आहे. तीस मीटर अंतर तोडायला साध्या धनुष्याच्या बाणाला अर्धा सेकंद तरी लागतो. प्रत्यंचेचा टणत्कार त्याच्या कितीतरी आधी पोहोचतो. गोळीचे उलट असते, ती आवाजाच्या आधी येते. म्हणजे धनुष्याच्या शिकारीत हरिणाला सूचना मिळते, क्षणभराचा अवकाश मिळतो. मराठी कथनाने हा क्षणभराचा अवकाश रुंदावून त्याची चार प्रहरांची रात्र केली आहे. हरिणीचे बोलणे हा चमत्कार खरा, पण तो या अवजाराच्या गुणधर्मात बीजरूपाने आहे. बंदुकीच्या गोष्टीत हरिणीला बोलायला वेळ मिळाला नसता.

बाण लागल्यानंतरचे काय? बाण सहसा रक्तस्रावाने मारतो. हरिण धावत सुटते, शिकाऱ्याला थांबून मग रक्ताचा माग काढत जावे लागते. शिकारीच्या सकाळीतील सर्वांत लांब आणि सर्वांत कष्टाचा भाग हाच. आपल्या वाङ्मयात तो जवळजवळ नाही. आपले व्याध प्रत्यंचेपाशी थांबतात.

सुटलेले बाण राजांच्या वाट्याला आले आहेत. महाभारतात पांडूचा बाण मृगरूप किंदमाला लागतो. रामायणात रामाचा बाण मारीचाला. दोन्हीकडे बाण लागताच मृगाच्या जागी बोलणारा कोणी उभा राहतो, शाप किंवा कपट घेऊन. कालिदासाचा दुष्यंत तापसाच्या शब्दाखातर बाण आवरतो. पण दुसऱ्या अंकात त्याचा सेनापती मृगयेचे गुण गातो. राजाच्या शिकारीला निंदा आहे तशी स्तुतीही आहे. तिच्यातून शोकांतिका घडते, तिच्यातून नाटक घडते. व्याधाच्या शिकारीला स्तुती नाही. राजाचे जे व्यसन आहे ते व्याधाचे पोट आहे, आणि सोडून देण्याची अपेक्षा मात्र व्याधाकडून आहे. जरा नावाच्या व्याधाचा अपवाद येथे दाखवला जाईल. त्याचा बाण सुटतो, हरिण समजून मारलेला तो बाण कृष्णाच्या पायाला लागतो, आणि त्याला क्षमा मिळते. पण तेथेही हरिण मेलेले नाहीच.

आता भाषेची साक्ष पाहू. ‘पारध’ हा शब्द संस्कृत ‘पापर्द्धि’पासून आला, हेमचंद्राने प्राकृत ‘पारद्धि’ हे रूप नोंदवले आहे. पापाची समृद्धी असा निवाडा शब्दाच्या पोटातच आहे आणि तोच पुढे एका जमातीचे नाव झाला. वसाहतकाळात 1871 च्या कायद्यापासून सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या नोंदींत पारधी आले. तो शिक्का स्वातंत्र्यानंतर, 1952 मध्ये, कागदावरून गेला. फासेपारध्यांचे नावच सांगते की त्यांचे मुख्य साधन धनुष्य नसून फास. वाङ्मयाला फास मात्र चालत नाही. फासात अडकलेल्या हरिणापुढे शिकारी हजर नसतो. नजरानजर नाही, मुदत नाही, शपथ नाही. संकेताला सोयीचे हत्यार तेवढे साहित्यात उरले.

हा प्रश्न विदर्भात वेगळ्या रीतीने समोर येतो. भंडाऱ्याहून वैनगंगा ओलांडली की कारधा लागते. पुढे रस्ता लाखनी-साकोलीकडे, नागझिरा-नवेगावच्या रानाकडे जातो. कारध्याचे नाव आज पावसाळ्यात नदीच्या पातळीसाठी ऐकू येते. भूगोलाच्या हिशेबाने ते रानाच्या मुलखाचा उंबरठा आहे. पोथीतल्या हरिणाचे कोणते चित्र श्रोत्याच्या मनात उभे राहत असेल? गाथेतील कुरंग हा मोकळ्या माळावरचा काळवीट असावा, ज्याची शिंगे कधी गळत नाहीत. नदीपलीकडच्या रानातले चितळ दरवर्षी शिंगे टाकते. आपली टीका दोघांनाही ‘मृग’ म्हणून मोकळी होते.

याच रानाने मराठीला आधुनिक वनगद्य दिले. व्यंकटेश माडगूळकर हे शिकारीचे शौकीन. पण ‘नागझिरा’त ते पाहायला आणि टिपायला बसतात. पाणवठ्याकाठी दडून हरिणांची वाट पाहणारा हा लेखक बेलावरच्या व्याधाच्याच जागी बसला आहे, फक्त हातात धनुष्य नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर ही बैठक एकट्या निरीक्षकाचीच झाली. ‘न सुटलेला बाण’ हा संकेत येथे पूर्णत्वाला गेला, असे म्हणता येईल: परिवर्तन झाल्यावरचा व्याध थेट निवेदक झाला. या गद्याची शांतता मोलाची आहे, परंतु ती परिवर्तनाची किंमत न मोजता मिळालेली आहे. माडगूळकरांना बाण टाकून देताना घरची चूल आठवण्याचे कारण नव्हते. शिवपुराणातील व्याधाच्या घरी उपाशी माणसे होती.

मारुती चितमपल्ली यांच्या लेखनात हा पेच थोडा सैल होतो. वनाधिकारी असूनही त्यांनी गोंड, ढीवर, पारधी यांच्याकडून मिळालेली माहिती आणि शब्द त्यांच्या नावावर ठेवले. आपल्या टीकेने ही शब्दसंपदा निसर्गवर्णनाचे वैभव म्हणून गौरवली. प्रत्यक्षात ती शिकारीची परिभाषा आहे: पाऊलखुणा, वारा, पाणवठा, माग. ज्या मागाचे कथन मराठीत कोणी केले नाही त्याचे शब्द तेथे जमा आहेत, आणि ते ज्यांचे आहेत त्यांच्यापैकी फार थोडे निवेदकाच्या जागी बसले आहेत.