प्रवेशातील भेदभाव-प्रतिबंध आणि शासनाचा राजकीय हेतू : अमेरिकी अनुभवाची चिकित्सा

अमेरिकेच्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातील सहावे प्रकरण संघराज्य शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थांना वंश, वर्ण अथवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई करते. या तरतुदीची अंमलबजावणी निःपक्षपातीपणे व्हावी, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात गेल्या सहा दशकांचा इतिहास पाहता ती अपेक्षा क्वचितच पूर्ण झाल्याचे दिसून येते. मात्र 'हेतू राजकीय होता' एवढे सिद्ध करून टीकाकार थांबतात, तेव्हा मुख्य प्रश्न बाजूलाच राहतो.

राजकारण केवळ कारवाईत नसते, ते कारवाई टाळण्यातही असते. १९६९-७० मध्ये दहा राज्यांतील उच्च शिक्षणव्यवस्था वंशभेदावर उभ्या असल्याचे शासनाच्याच नागरी हक्क कार्यालयाने कळविले होते. पाच राज्यांनी उत्तर दिले नाही, उरलेल्या पाचांनी सादर केलेल्या योजना अपुऱ्या ठरल्या; तरीही अनुदान थांबविण्याची प्रक्रिया सुरू झाली नाही. दक्षिणेतील गोऱ्या मतदारांवर निक्सन प्रशासनाची भिस्त होती. कायदा राबविण्याचा आग्रह धरणारे कार्यालयाचे प्रमुख लिऑन पॅनेटा यांना १९७० मध्ये पद सोडावे लागले. अखेर 'ॲडम्स विरुद्ध रिचर्डसन' या खटल्यात १९७३ साली न्यायालयाने शासनाला कर्तव्याची जाणीव करून दिली.

हार्वर्डचे उदाहरण अधिक बोलके आहे. आशियाई-अमेरिकी अर्जदारांवर अन्याय होतो, या तक्रारींची चौकशी १९९० साली संपली, तेव्हा भेदभाव झालेला नाही असा निष्कर्ष निघाला. निवडीतील तफावतीचे कारण म्हणून माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना व खेळाडूंना मिळणारे प्राधान्य मान्य करण्यात आले. २०२३ साली बायडेन प्रशासनाच्या काळात त्याच कार्यालयाने माजी विद्यार्थ्यांच्या अपत्यांना मिळणाऱ्या याच प्राधान्याची भेदभाव म्हणून चौकशी सुरू केली. म्हणजे एका शासनाने जे समर्थन म्हणून स्वीकारले, तेच दुसऱ्याने आरोप म्हणून मांडले. या काळात सहाव्या प्रकरणाचा मूळ मनाई हुकूम मात्र तोच होता. येल विद्यापीठाविरुद्धचा दावा ट्रम्प प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये, अध्यक्षीय निवडणुकीच्या तोंडावर दाखल केला आणि नव्या प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तो मागे घेतला. इतक्या अल्पावधीत येलची प्रवेशपद्धती बदलली नव्हती, शासन बदलले होते.

तथापि हेतू राजकीय असल्याने तक्रार निराधार ठरत नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची वंशाधारित प्रवेशपद्धती बेकायदेशीर ठरविली. (भारतात चंपकम दोराईराजन खटल्यानंतर १९५१ मध्ये घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले, अमेरिकेत असा घटनात्मक आधार नाही, त्यामुळे दोन्ही देशांतील वाद एकाच मापाने मोजता येत नाहीत.) या निर्णयाची अंमलबजावणी करणे हे शासनाचे कर्तव्यच होते.

प्रश्न आहे तो मार्गाचा. अनुदान थांबविण्यापूर्वी संस्थेला सूचना व सुनावणी देणे, दोष लेखी नोंदविणे, काँग्रेसच्या समित्यांना अहवाल देऊन तीस दिवस थांबणे, हे कायद्यानेच बंधनकारक केले आहे. १९६४ च्या विधिकर्त्यांना शासनाच्या सद्हेतूवर विश्वास नव्हता, असेच या तरतुदी सांगतात आणि तो अविश्वास योग्य होता. एप्रिल २०२५ मध्ये मात्र ज्यूद्वेष रोखण्यात अपयश आल्याचे कारण पुढे करून हार्वर्डकडे प्रवेशपद्धतीत बदल, प्रवेशाची माहिती, विचारवैविध्याची तपासणी अशा मागण्या करण्यात आल्या. नकार येताच सुमारे २२० कोटी डॉलरांचे अनुदान गोठविण्यात आले. न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ही कारवाई अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारी व सहाव्या प्रकरणाची प्रक्रिया डावलणारी ठरविली. याच न्यायाधीशांनी २०१९ मध्ये हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीच्या बाजूने निकाल दिला होता व सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला होता, ही बाब शासनाच्या समर्थकांनी निदर्शनास आणणे स्वाभाविक आहे. परंतु प्रक्रियेविषयीच्या आक्षेपाला ते उत्तर नव्हे. शासनाने या निकालाविरुद्ध अपील केले.

हार्वर्ड लढू शकले, कारण त्याचा निधी ५,००० कोटी डॉलरांहून अधिक आहे. इतरांनी तडजोडीचा मार्ग पत्करला. कोलंबिया विद्यापीठाने जुलै २०२५ मध्ये चूक मान्य न करता सुमारे २२ कोटी डॉलर देण्याचे व प्रवेशाची माहिती पुरविण्याचे कबूल केले. त्याच महिन्यात ब्राऊन विद्यापीठाने ऱ्होड आयलंडमधील रोजगार-प्रशिक्षण संस्थांना दहा वर्षांत पाच कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ब्राऊनच्या प्रवेशात कोणावर अन्याय झाला होता काय, याचा निर्णय या करारात झाला नाही. तो झाला असेल, तर नाकारल्या गेलेल्या अर्जदाराला या पाच कोटींतून काहीही मिळणार नाही.