पर्यायाचा निर्देश : सेलेनियममधील निवडीची योजना

संकेतस्थळांची चाचणी माणसाऐवजी आज्ञावलीकडून करवून घेणारे सेलेनियम हे साधन २००४ मध्ये जेसन हगिन्स यांनी प्रथम तयार केले. ड्रॉपडाउन यादीतून पर्याय निवडण्यासाठी त्यात ‘सिलेक्ट’ नावाचा वर्ग आहे. पर्यायाचा निर्देश तो तीन प्रकारे करू देतो : क्रमांकाने, मूल्याने आणि दृश्य मजकुराने. हे प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असल्याने समान योग्यतेचे वाटतात. वस्तुतः ते तसे नाहीत.

क्रमांकाचा निर्देश सर्वांत दुबळा. गणना शून्यापासून होते. सातारा जिल्ह्यातील तालुक्यांच्या यादीत ‘तालुका निवडा’ ही सूचना शून्यस्थानी व ‘कऱ्हाड’ त्यापुढे असेल, आणि मागाहून कोणी ती सूचना काढून टाकली, तर कऱ्हाडच्या जागी ‘कोरेगाव’ येते. साधन ते मुकाट्याने निवडते. निवड बिनतक्रार पार पडली, तालुका मात्र चुकला! मजकूर न सापडल्यास साधन निदान अडते व तसे सांगते. चाचणीकडून अपेक्षा असते ती याच अडण्याची.

मूल्य हे पृष्ठकर्त्याच्या सोयीचे असते. वाचणाऱ्याच्या दृष्टीस ते पडत नाही. पृष्ठाची भाषा बदलली तरी ते टिकते, हा त्याचा गुण. पर्यायावर चुकीचे नाव छापले गेले तरीही ते टिकते, हा दोष.

राहिला दृश्य मजकूर. मराठीची खरी अडचण येथेच आहे. ‘कऱ्हाड’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्तचिन्ह जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्तचिन्ह व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही रूपे एकच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द होत. युनिकोडची प्रमाणीकरणाची रीतही त्यांना एकरूप करीत नाही. (‘कराड’ हे लेखन निराळे, तेथील भेद निदान डोळ्यांस दिसतो.) यादीत एक रूप व चाचणीत दुसरे असल्यास पर्याय सापडत नाही, आणि त्रुटीचा संदेश कितीही वेळा वाचला तरी कारण उमगत नाही. कंटाळलेला चाचणीकार मग क्रमांकाकडे वळतो, म्हणजे बोलणारी चूक टाकून मुकी चूक पत्करतो. तेव्हा ‘दृश्य’ हे नाव पुरते खरे नव्हे. तुलना होते ती संकेतांकांची. उभय बाजूंचे लेखन आधी एका रूपात आणणे हाच यावर उपाय होय.

कित्येक याद्या मूळ ‘सिलेक्ट’ घटकाच्या नसून अन्य घटकांतून रचलेल्या असतात. हा वर्ग त्यांना स्वीकारीतच नाही. तेथे यादी उघडून पर्यायावर टिचकी द्यावी लागते, आणि तो पर्याय मजकुरावरून शोधावयाचा झाल्यास ‘कऱ्हाड’चा प्रश्न पुन्हा उभा राहतो.