सुरुंगाच्या धुरातली माणसे

मध्ययुगीन वेढ्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक अभिमानाचा, दुसरा आरोपाचा. दोन्हींत किल्ला, बादशाह आणि धर्म एवढेच उरते. जुन्या सचित्र हस्तलिखितांची साक्ष मात्र निराळी आहे.

रशीदुद्दीनच्या 'जामिउत्तवारीख'ची १३१४ च्या सुमारास तब्रीझमध्ये तयार झालेली एक प्रत एडिंबरा विद्यापीठात आहे. महमूद गझनवीने सिस्तानमधल्या किल्ल्याला घातलेला वेढा तिच्यात रंगवला आहे. चित्रात नजर खिळते ती मंजनीकवर, म्हणजे दगडफेकीच्या लाकडी यंत्रावर, आणि ते चालवणाऱ्या माणसांवर. वजनाच्या भाराने चालणारे हे यंत्र चित्रकाराच्या काळातले, महमूदच्या नव्हे. आणि सिस्तानचा सत्ताधीश खलफ बिन अहमद हाही मुसलमानच होता. हा वेढा सत्तेसाठी होता.

दुसरी साक्ष 'अकबरनामा'ची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रतीत चितोडच्या वेढ्याचे दोन पाने व्यापणारे चित्र आहे. रचना मिस्कीनची, रंगकाम सरवान आणि भूरा यांचे. प्रसंग १७ डिसेंबर १५६७ चा. एक सुरुंग उडाला, सैनिक खिंडाराकडे धावले आणि दुसरा सुरुंग त्यांच्याच पायाखाली फुटला. बादशाही फौजेतले सुमारे दोनशे जण ठार झाले. दरबारी चित्रकाराने ही फजिती झाकलेली नाही. माणसे हवेत उडालेली त्याने दाखवली आहेत. शिवाय साबात, म्हणजे तटापर्यंत नेलेली आच्छादित वाट, बांधणारे मजूरही रंगवले आहेत. वरून गोळ्या येत, मजूर रोज मरत. त्या कामाची देखरेख राजा तोडरमल आणि कासिमखान या दोघांकडे होती. तटाबाहेरच्या छावणीला एकच धर्म नव्हता.

म्हणून हे चित्र निर्दोष ठरते का? नाही. फेब्रुवारी १५६८ मध्ये किल्ला पडल्यावर कत्तल झाली. मृतांचा आकडा खुद्द अबुल फझल तीस हजार देतो. किल्ल्यात आसरा घेतलेले शेतकरीही त्यात होते. सुरुंगाच्या या पानांत ती कत्तल नाही. ती मजकुरात वाचावी लागते. बादशाहाच्या पदरी असलेला मुसव्विर आपल्या बाजूचे मृत मोकळेपणाने दाखवतो, कारण त्यातून अखेरचा विजय अधिक मोठा दिसतो. ही त्याची मर्यादा आपण ओळखली पाहिजे.

तरीही मला मिस्कीनची तसवीर मोलाची वाटते. इतिहासाने ज्यांची नावे लिहिली नाहीत, त्या पाथरवटाला, बेलदाराला, बैल हाकणाऱ्याला तिने जागा दिली. चितोडचा अभिमान आपण का वाहावा? आणि चितोडचा जाब आपल्याला का विचारला जावा? आपले बहुतेकांचे पूर्वज तख्तावर नव्हते. शोधायचेच झाले तर ते त्या साबातीत, माती वाहणाऱ्यांच्या रांगेत सापडतील. त्यांच्या शेजारी कोण उभे होते, हेही मग दिसेल.