सापडलं नाही, म्हणजे नव्हतंच का?

पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी आजचा लेख. विषय जरा वेगळा वाटेल: मेटल डिटेक्टर घेऊन जुनी नाणी शोधणाऱ्यांचे व्हिडिओ. मी ते भरपूर पाहिलेत. आज त्यांची थोडी चिकित्सा करू, कारण त्यांतली एक चूक मी स्वतः सिनॉप्सिसमध्ये केली होती.

या व्हिडिओंचा एक ठरलेला प्रकार आहे. इंग्लंड-अमेरिकेतली एखादी सार्वजनिक बाग. कित्येक वर्षं हौशी लोक तिथे यंत्र फिरवताहेत. सगळे म्हणतात, बाग ‘संपली’. मग आपला नायक येतो, छोटी कॉइल लावतो, लोखंडाचे आवाज गाळणारी सेटिंग बंद करतो, हळूहळू चालतो, आणि गंजक्या खिळ्यांच्या गर्दीतून चांदीचं नाणं काढतो.

यातला पहिला भाग खरंच शिकण्यासारखा आहे. खिळ्याच्या अगदी शेजारी नाणं असेल, तर लोखंडाचा सिग्नल नाण्याचा सिग्नल झाकून टाकतो. म्हणजे आधीच्या लोकांची यंत्रं त्या नाण्यावरून गेलेली असतात, पण त्यांना ते ऐकूच आलेलं नसतं. बाग संपलेली नव्हती. त्या यंत्राला, त्या सेटिंगवर, तेवढ्या खोलीवर ऐकू येणारी नाणी संपली होती.

आपल्याकडचं सोपं उदाहरण घ्या. नदीच्या घाटावर दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. आजचं स्टीलचं रुपयाचं नाणं चुंबकाला चिकटतं. तांब्याचा जुना पैसा किंवा चांदीचा रुपया चिकटत नाही. त्या मुलांच्या डब्यातल्या नाण्यांवरून कुणी घाटाचा इतिहास लिहिला, तर स्टील येण्याआधी तिथे कुणी नाणं टाकतच नव्हतं, असा निष्कर्ष निघेल. हसू येतं ना? पण आपण याद्या वाचून हेच करतो.

व्हिडिओ कमी पडतो तो पुढच्या भागात. नाणं पुसलं, साल वाचलं, व्हिडिओ संपला. किती खोल होतं, शेजारी काय होतं, कुठल्या भागात तीन तास फिरून काहीच मिळालं नाही, हे कुठेही लिहिलेलं नसतं. खिळे आणि बाटल्यांची झाकणं कचऱ्यात जातात. पुढच्या माणसाला मिळते ती आधीच कुणीतरी निवडून नेलेली जमीन, आणि काय नेलं याची नोंद नाही. शोधकौशल्य शंभर टक्के, पुरावा जवळपास शून्य.

आता माझी चूक. मी लिहिलं होतं: “शिवडी परिसरात सतराव्या शतकात नाण्यांचा वापर तुरळक असावा, कारण तशी नाणी नोंदलेली दिसत नाहीत.” कमिटीतल्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “कुणी शोधली होती?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अख्खं दुसरं प्रकरण त्या वाक्यावर उभं होतं.

विचार करा. शिवडीचा किल्ला 1680 चा. 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर चाल केली तेव्हा हा किल्ला घेतला. जिथे सैन्य राहतं तिथे पैसा फिरतोच. मग याद्यांत का दिसत नाही? मध्ये तीन चाळण्या आहेत.

पहिली चाळणी कायद्याची. 1878 च्या इंडियन ट्रेजर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. त्या काळी दहा रुपये ही मोठी रक्कम. एखाद्या सुट्या तांब्याच्या पैशासाठी कोण कचेरीत जाणार? त्यामुळे कागदावर येतात ते हंडे.

दुसरी चाळणी अभ्यासाची. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त नाणी मिळाली, नहपानाची, त्यांतली बरीचशी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेली. तिच्यावर लिहिलं जाणारच. परमेश्वरीलाल गुप्तांचं महाराष्ट्रावरचं 1970 चं पुस्तकही नावापासूनच ‘कॉइन होर्ड्स’चं, म्हणजे निधींचं आहे. पुस्तक उपयोगीच आहे. पण निधी म्हणजे कुणीतरी मुद्दाम लपवलेला पैसा. रोजच्या बाजारात खिशातून पडलेला पैसा त्यावरून मोजता येत नाही.

तिसरी चाळणी जमिनीची. शिवडीचा पूर्व किनारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टच्या भरावाने बदलला. भरावाच्या मातीत नाणं मिळालंच, तर ते जिथे मिळालं तिथेच पडलं होतं, असं म्हणता येत नाही.

यावर उपाय म्हणून कुणी यंत्र घेऊन किल्ल्यावर जाऊ नका. ती संरक्षित वास्तू आहे, आणि बिनपरवाना खणणं हा संशोधनाचा भाग नाही. उपाय नोंदीत आहे. इंग्लंड-वेल्समध्ये 1997 पासून पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम हौशी लोकांच्या वस्तू जागेसकट नोंदवते. आकडा पंधरा लाखांच्या पुढे गेलाय. तरीही तिथले अभ्यासक सांगतात की नकाशावरचे ठिपके माणसं कुठे शोधतात तेही दाखवतात. डोंगर, शहरं, परवानगी न देणारे शेतमालक, हे सगळं त्या नकाशात असतं.

म्हणून ‘या विषयावर काही नाही’ किंवा ‘सगळं होऊन गेलंय’ असं लिहिण्याआधी चार ओळी वहीत लिहा. कुणी शोधलं? कशाने शोधलं? काय नोंदवायचं नाही असं ठरवलं? आणि मी कुठे शोधलं जिथे काही मिळालं नाही? चौथी ओळ लिहायला लाज वाटते. पण तीच पुढच्या विद्यार्थ्याच्या सगळ्यात जास्त उपयोगाची असते.

माझं सुधारलेलं वाक्य आता असं आहे: “मी पाहिलेल्या निधींच्या याद्यांत शिवडी आढळत नाही, या याद्यांत सुटी नाणी सहसा येत नाहीत, त्यामुळे चलनवापराबद्दल यावरून निष्कर्ष काढलेला नाही.” वाक्य लांबलं, रुबाब गेला. दुसरं प्रकरण पुन्हा लिहितोय.